पेन कुणाला द्यायचं नाही

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर पेनांचा होता. त्यात विकत घेतलेलं एकही नव्हतं. बँकेचं, दाताच्या डॉक्टरचं, इन्शुरन्सवाल्याचं, कुठल्याशा हॉटेलातलं. नवऱ्याच्या खिशात राहून ऑफिसातून आलेली तर विचारूच नका. लिहिणारं सापडेपर्यंत एकेक खरडून बघायचं आणि न उठणारं परत आत टाकायचं, अशी आमची पद्धत. बाबा राहायला आले त्या आठवड्यात मी एक दिवस कामावरून आले, तर अख्खा ड्रॉवर डायनिंग टेबलावर उपडा केलेला. बाबा चष्मा कपाळावर चढवून, सेफ्टी पिन घेऊन, बँकेचं पेन उघडायला बसले होते.

"याचं टोक निघत कसं नाही?" त्यांनी विचारलं.

"ते निघत नसतं बाबा. संपलं की टाकायचं."

"पेन टाकायचं?"

मी हो म्हटलं. त्यांनी ते पेन उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. नंतर मीही ते टाकलं नाही. शेवटी मुलगी त्यांचीच.

गावी एसटी स्टँडसमोर बाबांचं पेनचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे काचेचं कपाट आणि मागे कातकामाची लेथ. एबोनाइट नावाच्या कडक काळ्या रबराच्या कांड्या त्या लेथवर लावून ते पेन घडवत. शाई ड्रॉपरने थेट पेनच्या पोटात भरायची, एकदा भरली की बरेच दिवस बघायला नको. निब बसवण्याआधी ते गिऱ्हाइकाला त्याच्या जुन्या पेनने चार ओळी लिहायला लावत आणि आपण त्याचा हात बघत बसत. कोण दाबून लिहितो, कोण पेन आडवं धरतो, कोणाचं मनगट उचललेलं असतं. त्या हाताप्रमाणे मग निब घासायची. पेन देताना शाळकरी पोरापासून मामलेदारापर्यंत प्रत्येकाला एकच बजावायचं, की आता हे कुणाला द्यायचं नाही. दुसऱ्याच्या हाताने निब बिघडते.

हा काही बाबांनी काढलेला कायदा नव्हे. माझ्या वयाच्या सगळ्यांना तो ठाऊक आहे. परीक्षेत शेजारच्याचं पेन बंद पडलं तरी आपण छताकडे बघायचं, यात कुणाला निर्दयपणा वाटत नसे. माझ्या लग्नाच्या पहिल्याच महिन्यात नवऱ्याने सही करायला माझं पेन उचललं, तेव्हा मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. तो नागपूरचा, मोकळा गडी. आपण काय अपराध केला ते त्याला आठवडाभर कळेना.

बाबांचं स्वतःचं पेन काळं होतं, त्यात तपकिरी लाटा. लहानपणी मी त्याला एकदाच हात लावला आणि धपाटा खाल्ला. मी अमेरिकेत आल्यापासून दर पंधरवड्याला त्या पेनने लिहिलेलं एक पत्र मला यायचं. पुढे फोन स्वस्त झाले, मी दर रविवारी तासभर बोलायला लागले, तरी पत्र चुकलं नाही. फोनवर सांगितलेलंच पुन्हा लिहिलेलं असायचं. मी म्हणायचे, बाबा, कशाला? ते म्हणायचे, बोलणं वेगळं.

आई गेली, आणि त्याआधीच दुकानही जवळजवळ गेलेलं होतं. रुपया-दोन रुपयांची बॉलपेनं पानपट्टीवर मिळायला लागल्यावर निब घासून घ्यायला कोण थांबणार? मला इथलं नागरिकत्व मिळालं तसं मी बाबांचं ग्रीन कार्ड करून घेतलं आणि दोन हजार तीनच्या वसंतात, बर्फ पुरतं वितळायच्या आत, त्यांना घेऊन आले. गावच्या घराला त्यांनी कुलूप लावलं, पण विकू दिलं नाही. कायमचे राहाल ना, असं विचारलं की "बघू" म्हणायचे. आमच्या बाबांचं "बघू" म्हणजे नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं.

इथे ते दिवसभर खिडकीशी बसून खारी बघायचे. खारी बघून माणूस किती दिवस काढेल? शेवटी नवऱ्यालाच सुचलं. कुणाच्या गराज सेलमध्ये, जुन्या सामानात, त्याला एक छोटी लेथ मिळाली, ती त्याने गाडीची जागा देऊन गराजमध्ये बसवली. बाबांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि एबोनाइटच्या कांड्या नि निबांच्या डब्याच भरून होत्या, हे आम्हाला तेव्हा समजलं. लेथ फिरायला लागली की गंधक जळल्यासारखा वास सगळ्या घरात पसरायचा. ऑफिसमध्ये लोक त्याच्या जॅकेटचा वास घेतात अशी नवऱ्याची तक्रार होती, पण तो ती हसत करायचा. बाबा जेवायला बोलावल्यावर "आलो, आलो" म्हणून येईनासे झाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता घडवलेली पेनं विकायला हवीत. मी शनिवारच्या बाजारात एक टेबल घेतलं. इथल्या उन्हाळ्यातला शेतकऱ्यांचा बाजार म्हणजे मका, टोमॅटो, साबण, लोणी आणि गप्पा. हात बाबांचे आणि तोंड माझं, अशी भागीदारी. टेबलावर आईची एक सुती साडी दुमडून अंथरली, वर पेनं ओळीने मांडली, शेजारी शाईच्या बाटल्या. दिसायला फार सुरेख दिसलं. लोकही थांबत.

थांबत आणि पेन उचलत. उचललं की टोपण काढून म्हणत, "मे आय ट्राय इट?" बाबा लगेच अर्धवट उठून, अगदी हळुवारपणे, ते पेन त्यांच्या हातातून काढून घेत. "नो, नो. ओन्ली युवर्स," असं म्हणत आणि पेन पुसून जागेवर ठेवत. मग मी समजावून सांगे की आधी तुम्ही विकत घ्या, मग तुमच्या हाताला लावून देऊ. मिनेसोटाचे लोक सभ्य. ते "दॅट्स इंटरेस्टिंग" म्हणत आणि साबणाच्या टेबलाकडे वळत. इथे इंटरेस्टिंग म्हणजे नको, हे या राज्यात चार हिवाळे काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आपली माणसं यायची तीही घ्यायची नाहीत. कुणी काका थांबायचे, "अरे वा, शाईचं पेन!" म्हणायचे, शाळेत शर्टाच्या खिशाला पडलेल्या डागापासून दहावीच्या मार्कांपर्यंत सगळं सांगायचे, बाबांशी गाव जुळवायचे आणि हात हलवून निघून जायचे. आठवणी काढायला पैसे पडत नाहीत. विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या एका सांगलीच्या मुलीने मात्र पहिल्याच शनिवारी पेन घेतलं. तिला ट्राय करू का म्हणून विचारायचं सुचलंही नाही. मला वाटलं, चला, सुरुवात झाली. पण सांगलीच्या मुली अशा बाजाराला किती येणार?

यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यात येत नव्हतं, हीच गंमत. मी लोकांना नावं ठेवत होते. फुकटच्या पेनांवर वाढलेले, यांना काय कळणार, असं नवऱ्यापुढे रोज चालायचं. एका रविवारी भांडी घासता घासता तो म्हणाला, "तू शूज ट्राय केल्याशिवाय घेतेस का, यार?" मी म्हटलं, शूज वेगळे. तो म्हणाला, "त्यांना ते वेगळं आहे हे तू सांगितलंस का?" मला राग आला. तो खरं बोलला की मला येतोच.

मी बाबांकडे गेले. एक पेन फक्त चाचणीसाठी ठेवू या, असं गोडीत सांगितलं. बाबा निब घासत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

"त्याची निब कुणाच्या हातासाठी घासू?"

"सगळ्यांच्या."

"सगळ्यांचा म्हणून हात नसतो," ते म्हणाले. पुढे मी बरंच बोलले, आवाजही चढवला. त्यांनी लेथ सुरू केली.

आमच्या शेजारचं टेबल मधवाल्याचं होतं. बाबांच्याच वयाचा, उंच, लाल चेहऱ्याचा म्हातारा. बरण्यांवर आपल्या हाताने लेबलं लिहायचा. आधी त्याची बायको लिहायची. ती दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून हा लिहितो, अक्षर कुणाला लागत नाही आणि गिऱ्हाइकं विचारतात, कुठल्या फुलांचा मध आहे हा, हे त्यानेच मला सांगितलं. घाऊक दुकानातून आणलेल्या बॉलपेनांचं पाकीट त्याच्या एप्रनच्या खिशात असे. बोटांचे सांधे सुजलेले असल्याने तो पेन मुठीत धरून इतकं दाबायचा की लेबल फाटायचं. पेन चालेनासं झालं की कचऱ्याच्या डब्यात भिरकावायचा आणि दुसरं काढायचा. प्रत्येक भिरकावण्याला बाबांचं डोकं त्या दिशेला वळायचं. तोही बाबांना दर शनिवारी विचारायचा, ट्राय करू का, आणि बाबा दर शनिवारी नो, नो म्हणायचे. मग तो मधाची चमच्याएवढी चव बाबांना द्यायचा. एकमेकांचं इंग्रजी दोघांनाही समजायचं नाही, पण खुर्च्या हळूहळू जवळ आल्या होत्या.

ऑगस्टमध्ये एक बाई आली. जुलैत तिने नवऱ्याच्या वाढदिवसासाठी एक पेन घेतलं होतं, हिरव्या रंगाचं, बाबांना जमलेलं सगळ्यांत देखणं. मी तिला ओळखलं आणि खूश झाले. ती म्हणाली, नवऱ्याला फार आवडलं, तो रोज त्यानेच लिहायचा, आता संपलं, तसंच दुसरं द्या. मला वाटलं शाई संपली. मी बाटली पुढे केली आणि पेन आणलंय का विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओह, वी थ्रू इट आउट."

वाईट बाई नव्हती. वर ओशाळून दहा वेळा सॉरी म्हणाली. मी तिला पेन न देताच, काहीतरी सांगून वाटेला लावलं. बाबांना काय सांगायचं या विचारात होते. शाई घ्यायला आली होती म्हणेन, असं ठरवलंही. पण वळून पाहिलं तर बाबा पेनं गोळा करून साडीत गुंडाळत होते. बाजार संपायला अजून खूप वेळ होता.

गाडीत ते एवढंच म्हणाले, "दिवाळीनंतरचं तिकीट काढ." मी वाद घातला. रिकाम्या घरात कोण आहे तुमचं, पडलात-झडलात तर कोण बघेल, मी इथून काय करू, सगळं बोलले. ते खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत होते. घरी आल्यावर नवरा म्हणाला, काढ तिकीट, नाहीतर ते स्वतः काढतील. मी काढलं. तिकीट फ्रिजवर चुंबकाने लावलं, म्हणजे दूध काढताना रोज दिसेल आणि रोज माझं डोकं फिरेल. बाबा मात्र शांत होते. पुढच्या शनिवारी सकाळी माझ्या आधी तयार होऊन गाडीपाशी उभे. टेबलाचं भाडं हंगामाचं भरलंय म्हणाले.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. हवेत गारठा होता, भोपळे आले होते, गर्दी विरळ. मी दोघा म्हाताऱ्यांसाठी कॉफी आणायला गेले. परत आले तर मधवाला आमच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला होता आणि लेबल लिहीत होता. त्याच्या हातात काळं पेन होतं. तपकिरी लाटांचं.

मी कॉफी हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाबा त्याच्या बाजूला वाकून उभे होते आणि त्याच्या मनगटाखाली दोन बोटं धरून म्हणत होते, "डोंट प्रेस. स्लो. पेन विल गो." तो जीभ दातात धरून लिहीत होता. एक लेबल झालं, दुसरं झालं. कागद फाटला नाही. त्याने लेबल लांब धरून पाहिलं. कुणालाही वाचता येईल असं बासवुड हनी, म्हणजे बासवुडच्या फुलांचा मध, लिहिलेलं होतं. त्याने नाक ओढलं आणि पुढच्या बरणीचं लेबल घेतलं. बाबांनी त्याला सगळ्या बरण्यांची लेबलं त्या पेनने लिहू दिली.

त्याने पेन विकत मागितलं, तेव्हा बाबांनी मान हलवली आणि मला सांगितलं, त्याला सांग, याच्यासाठी वेगळं करू. मी याचा हात बघितलाय. मग ते काळं पेन त्यांनी आपल्या खिशात न ठेवता टेबलावर, टिपकागदावर, बाहेरच्या बाजूला ठेवलं. एक तरुण जोडपं आलं. त्या मुलाने विचारलं, ट्राय करू का? बाबांनी तेच पेन टोपण काढून त्याच्या हातात दिलं. पोराने आपलं नाव लिहिलं, मग बायकोचं लिहिलं, मग तिने त्याच्या हातून ओढून घेऊन स्वतः लिहिलं. मी डोळे दुसरीकडे फिरवले. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगते. पण त्यांनी एक पेन विकत घेतलं. बाबांनी त्या मुलालाच ड्रॉपर देऊन शाई भरायला लावली. त्याची बोटं निळी झाली तेव्हा त्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. गावी दसऱ्याला बाबा लेथची पूजा करायचे. इथे नवऱ्याने गराज झाडून काढलं, मी लेथला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ बाजारातूनच आणलेली होती. आपटा कुठून आणणार, म्हणून आम्ही दरवर्षी अंगणातल्या मेपलची पानं सोनं म्हणून वाटतो. पिवळी असतात, आपट्यापेक्षा सोन्यासारखी दिसतात. लेथपुढे पाटावर प्रत्येकाने आपापलं पेन ठेवलं. नवऱ्याने प्रामाणिकपणे बँकेचं ठेवलं. बाबांनी खिशातून काळं पेन काढून ठेवलं. कालच्या शाईचे डाग टोपणावर होते. मला राहवलं नाही.

"इतक्या लोकांनी लिहिलं त्याने. निब बिघडली असेल."

"बिघडणारच."

"मग तुम्ही आता पत्रं कशाने लिहिणार?"

बाबा उदबत्ती लावत होते. त्यांनी ती नीट पेटू दिली, हलवून विझवली आणि लेथच्या फटीत खोचली.

"त्या पेनाने मी तुलाच लिहायचो," ते म्हणाले. "तू तर इथे समोर उभी आहेस. आता कुणाला लिहू?"

मी लेथला फूल वाहायचं निमित्त करून खाली वाकले आणि बराच वेळ तशीच राहिले. नवरा आरतीचं तबक हातात धरून ताटकळत उभा. बाबांनी त्याच्या हातात मेपलचं पान दिलं, माझ्या हातात दिलं. मी त्यांच्या पाया पडले.

पुढे पाच उन्हाळे आम्ही ते टेबल लावलं. काळं पेन टिपकागदावर असायचं आणि येणारा-जाणारा त्याने लिहायचा. रिकामी पेनं घेऊन लोक शाई भरायला यायचे, ती जुलैतली बाईसुद्धा दुसरं पेन घेऊन यायला लागली. निब बिघडली नाही. इतक्या हातांखालून गेल्यावर ती अशी गुळगुळीत झाली की बाबांनी घासलेली एकही तिच्या जवळ येत नव्हती, आणि हे कुणी बोललेलं त्यांना आवडायचं नाही.

पण ते नंतरचं. त्या दसऱ्याला जेवणं झाल्यावर बाबा पाणी घ्यायला फ्रिजकडे गेले. पेला भरला, प्यायले, चुंबकाखालचा कागद काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "हे तेवढं कॅन्सल कर." मग यादी करायची म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला, त्यातली खरडून बघत एक उठणारं पेन शोधलं आणि उद्या आणायच्या भाज्या लिहायला बसले.